गाडीचा नट्टापट्टा आणि कुंभार्लीचा उतार

कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरणाऱ्या गाडीच्या मागे मागे गेलं, तर पोफळी यायच्या आत चालवणाऱ्याची परीक्षा होऊन जाते. बघायचा फक्त ब्रेक लाइट. काहींचा तो वरपासून खालपर्यंत विझतच नाही. पाय पॅडलवर टेकलेला, गाडी चौथ्यात नाहीतर थेट न्यूट्रलला, आणि खाली पोचेपर्यंत जळक्या लायनरचा वास मागच्या गाडीतही येतो. काहींचा प्रत्येक वळणाआधी एकदा ठसठशीत पेटतो आणि गाडी वळायला लागली की विझतो. एसटीचे जुने ड्रायव्हर बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे. भरलेली गाडी घेऊन रोज तोच उतार उतरायचा असेल, तर पहिला प्रकार परवडत नाही.

गाडीवेड्या लोकांच्या गप्पांत चालवणं मोठं की सजवणं यावरून दोन तट पडतात. चालवण्याचा अभिमान असलेल्यांना अलॉय चाकं, स्टिकर, क्रोम, बॉडी किट हा सगळा नट्टापट्टा वाटतो. ज्यांना गाडी सजवायची हौस आहे त्यांना हे लोक रडके वाटतात: गाडी आमची, पैसे आमचे, तुमच्या का पोटात दुखतं? माझं मत दोघांनाही फारसं आवडणारं नाही. कोकणात गाडीचं रूप बदललं की तिचं वागणंही बदलतं, कारण इथला घाट, पाऊस आणि खारा वारा गाडीवर लावलेल्या प्रत्येक वस्तूची झडती घेतात. एखादी हौस वाईट की चांगली हे ती दिसते कशी यावरून ठरवण्यापेक्षा, ती लावल्यावर टायर, ब्रेक, नजर आणि पत्रा यांचं काय होतं यावरून ठरवावं.

आधी उतार. बाराशे किलोची गाडी पाचशे मीटर खाली येते तेव्हा जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्यात अठरा लिटर गार पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता कुठेतरी जाणारच. गिअरमध्ये उतरलात तर तिचा मोठा वाटा इंजिन खातं, न्यूट्रलला उतरलात तर सगळी पुढच्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रमच्या गळ्यात. न्यूट्रलला पेट्रोल वाचतं हा समज कार्बुरेटरच्या काळातला. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर इंधन तोडतात आणि चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलला मात्र इंजिन स्वतःच्या पायावर उभं राहायला थेंब थेंब इंधन पीतच असतं. म्हणजे ब्रेकही जाळायचे आणि पेट्रोलही. इंजिनच बंद करून गाडी सोडणारे महाभाग अजून भेटतात. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणारा भाग) दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, त्यानंतर पॅडल दगड होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, हा जुना नियम अजून खरा आहे, फक्त त्याला एक पुस्ती जोडायला हवी. हल्लीच्या एक लिटरच्या टर्बो गाड्या टॉर्कच्या जोरावर तिसऱ्यात सहज चढतात. उतरताना मात्र ते छोटं इंजिन तिसऱ्यात फारसं धरत नाही. अशा गाडीला चढताना होता त्याच्या एक खालचा गिअर टाकावा. दुसऱ्यात इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा ३००० ते ३५०० वर गेला की नवखा माणूस आवाजाला घाबरून वरचा गिअर टाकतो. घाबरायचं कारण नाही. त्या वेळी इंजिनात इंधन जळत नसतं आणि लाल रेघ बरीच लांब असते.

गिअर उतरवायचा तो वळणाआधी, सरळ पट्ट्यात. क्रम असा: पॅडलवर ठाम दाब, वेग हवा तेवढा खाली, क्लच, खालचा गिअर, क्लच सोडताना ॲक्सिलरेटरला हलका टिचका, म्हणजे इंजिनाचा वेग चाकाच्या वेगाला येऊन मिळतो आणि गाडी हिसका देत नाही. ओल्या रस्त्यावर या टिचक्याचं महत्त्व जास्त, कारण खालचा गिअर धाडकन पकडला की पुढची चाकं क्षणभर घसरतात. एएमटीवाल्यांनी, म्हणजे ज्यांची गाडी गिअर आपोआप बदलते त्यांनी, घाटात गाडी मॅन्युअल मोडवर घ्यावी. नाहीतर उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की ती बिचारी वरचा गिअर टाकून मोकळी होते. सीव्हीटी या दुसऱ्या ऑटोमॅटिक प्रकाराला एल किंवा एस मोड असतो, तो याच कामासाठी. इलेक्ट्रिक गाडीचं रीजन, म्हणजे मोटरनेच गाडी रोखून बॅटरी भरणं, उतारावर सुंदर काम करतं, पण वर महाबळेश्वरला शंभर टक्के चार्ज करून लगेच आंबेनळी घाट उतरायला घेतलात, तर बॅटरीत जागाच नसल्यामुळे रीजन हात वर करतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर चार्ज करायचीच असेल तर ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबवावी.

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि दोन्ही पायाला वेगवेगळे कळतात. पॅडल घट्ट आहे, जोर लावला तरी गाडी हवी तशी थांबत नाही, वास येतोय, म्हणजे पॅड तापून गुळगुळीत झालेत. पॅडल मऊ लागतंय, खाली खाली जातंय, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. हे दुसरं जास्त वाईट. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ नवं असताना २३० ला, पाणी शोषलेलं १५५ ला. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणातल्या हवेत ओल किती असते हे जूनमध्ये पापडाचा डबा उघडणाऱ्या कोणालाही विचारा. त्यामुळे इथल्या गाडीचं ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. ब्रेक तापलेच तर खालच्या गिअरवर येऊन रुंद जागी थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, अर्धा तास द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते किंवा तडकते.

वळणांबद्दल शर्यतीच्या ट्रॅकवरचं ज्ञान इथे अर्धंच कामाला येतं. रुंद घेऊन आतून कापायची लाइन ट्रॅकवर बरोबर, घाटात समोरून ट्रक येतोय. आपल्याच लेनमध्ये राहून नजर किती लांब पोचते, हाच घाटातल्या लाइनचा हिशेब. उजवीकडच्या वळणाला डाव्या कडेला राहिलं की जास्त दिसतं. डावीकडच्या वळणाला मधल्या पट्ट्याच्या जवळ, पण पट्ट्याच्या आत. पुढे रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळताना दिसतात त्या बिंदूवर डोळा ठेवा. तो बिंदू तुमच्याकडे सरकतोय तर वळण आवळतंय, वेग कमी करा. तो जागच्या जागी राहिला तर आहे तो वेग ठीक. तो पळायला लागला की वळण उघडलं, आता हलका ॲक्सिलरेटर द्या. आंबा आणि फोंडा घाटात ही एक सवय भरपूर पुरते.

एसटी समोरून हेअरपिन वळणावर आली तर तिला अख्खा रस्ता लागतो, हे आधीच धरून चाला. लांब गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात आणि शेपूट बाहेर फिरतं. तिच्या कुशीत नाक घालायचं नाही. अरुंद जागी उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा कायद्यातलाच नियम आहे आणि त्याला कारण आहे: चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा निघताना क्लच जाळावा लागतो. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं हा तर क्लच प्लेट संपवायचा सगळ्यात वेगवान मार्ग. हँडब्रेक ओढा, क्लच पकडायला लागला की सोडा.

आता चाकं. अलॉय ही कोकणातली पहिली हौस, आणि सगळ्यात जास्त परिणाम करणारीही. स्विफ्टचं उदाहरण घेऊ, कारण ती घरोघरी आहे. साध्या मॉडेलला १६५/८० आर१४, वरच्याला १८५/६५ आर१५. व्यास काढायची रीत: टायरची रुंदी गुणिले उंचीची टक्केवारी गुणिले दोन, अधिक रिमचा इंच गुणिले २५.४. पहिल्याचा व्यास येतो ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. फरक नगण्य. सोळा इंचीला १९५/५५ घातला तर ६२०.९, सतराला २०५/४५ घातला तर ६१६.३. सगळे तीन टक्क्यांच्या आत, म्हणून दुकानदार म्हणतो, ‘स्पीडोमीटरला काही होत नाही साहेब.’ खरं आहे. तो सांगत नाही ती गोष्ट टायरच्या भिंतीची. चौदा इंचीला रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १३२ मिलिमीटर रबर आणि हवा आहे. पंधराला १२०, सोळाला १०७, सतराला फक्त ९२. चार सेंटिमीटर उशी तुम्ही पैसे देऊन काढून टाकलीत. मुंबई–गोवा महामार्गाचा डायव्हर्जन, त्यात पाण्याने भरलेला खड्डा, खड्ड्याची कड काँक्रीटची: चौदा इंची टायर ते पोटात घेतो, सतरा इंचीला रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये टायरची भिंत चिरडते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही, तो फेकायचाच. रिम वाकलं असेल तर वेगात स्टिअरिंग थरथरतं. वाकलेलं ठोकून सरळ केलेलं अलॉय पुन्हा त्याच जागी तडकू शकतं.

माझ्या मते एक इंच वाढवणं रास्त आहे. स्टिअरिंग थोडं नेमकं होतं, दिसायलाही बरं. दोन इंच वाढवायचे तर टायरची हवा दर आठवड्याला सकाळी गार असताना तपासायची शिस्त हवी. तीन इंच वाढवणाऱ्याने दापोलीला जाताना डिकीत स्टेपनीबरोबर संयमही ठेवावा.

रिम घेताना चार गोष्टी विचारा. पीसीडी, म्हणजे बोल्टांचं वर्तुळ: स्विफ्टला ४×१०० लागतं, जवळपासचं काहीतरी चालवून घेतलं तर नट तिरके बसतात. ऑफसेट, म्हणजे चाक बोल्टांच्या जागेपासून किती आत बसतं ते: तो कमी केला की चाक बाहेर येतं, गाडी रुंद दिसते, बेअरिंगवर ताण वाढतो, आणि वाडीतल्या दोन गडग्यांमधल्या वाटेत जांभ्याची खरबरीत चिरेबंदी रिमची कड किसून काढते. मधलं भोक: बाजारातल्या रिमचं मोठं असतं, त्यात हब रिंग, म्हणजे ती फट भरणारी कडी, बसवली नाही तर चाक केंद्रात बसत नाही आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी थरथर जात नाही. चौथी गोष्ट नट. नव्या अलॉयला वेगळे नट मिळतात. स्टेपनी जुनी लोखंडी असेल तर तिचे मूळ नट डिकीत ठेवायलाच हवेत. रात्री आरवलीजवळ पंक्चर झाल्यावर हे कळून उपयोग नाही. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा, आणि पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

किनाऱ्याच्या गाडीला अलॉयचं एक खास दुखणं आहे. रिम ॲल्युमिनियमचं, ते ज्यावर बसतं तो हब लोखंडी, मध्ये खारी ओल. दोन धातूंमध्ये गंज धरून चाक हबला असं चिकटतं की सगळे नट काढले तरी निघत नाही. तेव्हा नट एकेक आटा पुन्हा चढवून, सैलच ठेवून, गाडी सपाटीवर अगदी हळू चार-पाच फूट पुढे-मागे हलवायची. बहुतेक वेळा सुटतं. ते होऊ नये म्हणून चाकं फिरवून घेताना हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून त्याला ग्रीसचा पातळ हात द्यावा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस नको, टॉर्क चुकतो.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे कोरड्या डांबरावर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंद टायरच्या आधी तरंगायला लागतो. टायर पाण्यावर तरंगायचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो, हे नासाच्या संशोधकांनी साठच्या दशकात विमानांच्या चाकांवर काम करताना मांडलं. त्या सूत्राने ३३ पीएसआय हवेला हा वेग ताशी साधारण ९५ किलोमीटर येतो, हवा २५ वर उतरली तर ८३. म्हणजे पावसाळ्यात हवा कमी ठेवली की पकड वाढते, ही समजूत उलटी आहे. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर उरेपर्यंत टायर चालतो. कोकणच्या पावसात तीन मिलिमीटरला बदलावा. आणि जुलैच्या मुसळधारेपेक्षा फसवी असते ती मृगाची पहिली सर. उन्हाळाभर साठलेलं ऑइल आणि तांबडी माती यांचा जो लगदा होतो, त्यावर चाळीसचा वेगही जास्त. गाडी तरंगली असं वाटलं तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेकला हात... म्हणजे पाय लावू नका.

दिव्यांची हौस मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिचा त्रास समोरच्याला. साध्या एच४ बल्बमध्ये ६० आणि ५५ वॉटच्या दोन तारा असतात, आणि हेडलाइटचा आरसा त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. त्यात बाजारातला एलईडी बल्ब खोचला की प्रकाश येतो भरपूर, पण तारेच्या जागी चिप थोडी जरी मागे-पुढे झाली तरी डिपरची वरची कड फाटते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडांच्या शेंड्यांवर जातो. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय लख्ख! वर तो उजेड निळसर पांढरा, ६००० केल्व्हिनचा. ओल्या डांबरावर तो विरघळल्यासारखा होतो, आणि आंबोलीच्या नाहीतर गगनबावड्याच्या धुक्यात पांढरी भिंत उभी करतो. जास्त वॉटचा हॅलोजन घातला तर वायर तापते, आरसा काळवंडतो. याहून कितीतरी स्वस्तात होणारं काम म्हणजे पिवळी पडलेली काच साफ करणं. भोवतीच्या पत्र्याला मास्किंग टेप लावून, पाण्याच्या पॉलिश पेपरने क्रमाने ८००, १५००, २०००, ३००० नंबर, मग पॉलिश, आणि शेवटी यूव्ही कोटिंग. हे शेवटचं टाळलं तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी.

उजेड नीट पडतोय का हे घरच्या गडग्यावर तपासता येतं. गाडी सपाटीवर भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा. डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली पडायला हवी. मागे तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या भरल्या की गाडीचं नाक वर होतं. त्यासाठी स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांची जी चकती असते, ती बहुतेकांनी जन्मात फिरवलेली नसते. धुक्यात डिपर आणि असतील तर फॉग लॅम्प. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर चालू ठेवायचे नाहीत, वळताना कुठल्या बाजूला वळताय ते मागच्याला कळणार कसं?

काचांना काळी फिल्म लावणाऱ्यांचा युक्तिवाद उन्हाचा असतो, आणि मे महिन्यात मालवणात गाडी उभी केलेल्याला तो पटतोही. पण पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, ही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कडक केली. काचेवर काय लावता येईल याचे नियम पुढे बदलले तरी हे दोन आकडे कायम राहिले. कायदा बाजूला ठेवला तरी पावसाळी संध्याकाळी घाटातल्या डाव्या वळणावर बाजूच्या काचेतूनच बघायचं असतं, आणि तिथे काळोख विकत घेतलेला असतो.

आतली सजावट निरुपद्रवी वाटते. जाड सातपदरी मॅट क्लचखाली इतकी फुगते की पॅडल पूर्ण खाली जात नाही, गिअर खरखरत पडतो आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात. मूळ मॅटवर दुसरी मॅट टाकली तर ती सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकते. बाजूच्या एअरबॅगवर घट्ट शिवलेलं सीट कव्हर चढवलं तर बॅग वेळेवर फुटत नाही. आणि डॅशबोर्डवरचा गणपती: डावीकडे, जिथे एअरबॅगची खूण असते तिथे तो चिकटवू नये. बॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि वाटेत येईल ते समोरच्या माणसावर फेकते. बाप्पाला मध्यभागी खाली बसवा. चतुर्थीला बॉनेटवर हार घालायची रीत मला आवडते. तो रेडिएटरच्या जाळीवर लोंबू न देता वर बांधला की झालं.

गाडी खाली बसवण्याची हौस पुण्या-मुंबईकडून आली. तीस-चाळीस मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा, पुढे बंपरखाली लिपची पट्टी, बाजूला स्कर्ट. फोटोत झकास. पण दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीवर गाडी चढवायची असेल तर ओहोटी बघून जा. पाणी उतरलं की धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो, आणि नेमक्या त्या कोनात लिप घासतो. तिथे किंचित तिरकी गाडी घालावी, पहिल्या गिअरात, खलाशाच्या हाताकडे बघत. बोटीवर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. उलट बाजूची हौसही आहे, गाडी उंच करायला स्प्रिंगच्या वेटोळ्यात रबराचे बफर घालणं. भरलेली गाडी मागून बसत नाही हे खरं, पण ती वेटोळी काम करेनाशी होतात, सगळा ताण उरलेल्यांवर येतो आणि स्प्रिंग बफरच्या काठाशी तुटते. मागची स्प्रिंग थकली असेल तर नवी स्प्रिंग घाला.

पुढचा लोखंडी गार्ड मात्र थेट काढून टाकावा. धडकेत चुरडण्यासाठी केलेला गाडीचा पुढचा भाग त्याच्यामुळे चुरडत नाही, धक्का थेट चेसिसला जातो आणि एअरबॅगचं टायमिंग बिघडतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं आहे. एकूणच मूळ गाडीत केलेल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कडक आहे, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते तसंच वाचलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडीचा रंग आरसी बुकात लिहिलेला असतो, त्यामुळे पूर्ण रॅप करून, म्हणजे पत्र्यावर रंगीत फिल्म चिकटवून, रंग बदलायचा तर आधी आरटीओ.

रॅपबद्दल मला आकस नाही. चांगली कास्ट फिल्म असेल, दारांच्या कडा आत नीट वळवल्या असतील, तर खाली मूळ रंग जपला जातो. स्वस्त फिल्म कोकणच्या उन्हात बॉनेट आणि टपावर आधी तडकते, कडांनी उचलते आणि तिच्याखाली खारं पाणी शिरून बसतं. लावणाऱ्याने गाडीवरच ब्लेड फिरवलं असेल तर कंपनीचा रंग, जो सगळे थर मिळून जेमतेम शे-सव्वाशे मायक्रॉनचा असतो, तो कापला जातो आणि गंज तिथून आत जातो. पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, दीडशे ते दोनशे मायक्रॉनची, ती खडी अडवते. सिरॅमिक कोटिंग खडीही अडवत नाही आणि गंजही; गाडी धुवायला सोपी होते, तांबड्या मातीचे ओघळ पटकन सुटतात, एवढंच. ‘नऊ एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीचा आहे, दगडाच्या नाही.

पत्र्याचा खरा शत्रू दिसायला साधा आहे: स्क्रू. चाकाच्या कमानीवरची काळी प्लास्टिकची पट्टी, मडफ्लॅप, साइड मोल्डिंग हे सगळं पत्र्याला भोक पाडून स्वतःचे आटे पाडणाऱ्या स्क्रूने बसवतात. भोकाच्या कडेला रंग नसतो. एक-दोन पावसाळ्यांत आतून फोड येतो, आणि बाहेरून फोड दिसेपर्यंत आतला पत्रा वेफर झालेला असतो. बसवायचंच असेल तर भोक पाडल्यावर कडेला प्रायमर, मग रंग, सुकल्यावर प्लास्टिकचा प्लग आणि त्यात स्क्रू. टेपने चिकटवलेले डोअर व्हायझर आणि क्रोमच्या पट्ट्याही वर्षातून एकदा उचलून खालचं मीठ धुवावं. अंडरबॉडी कोटिंग मारून घेताना दारांच्या आणि सिलच्या (दाराखालचा पोकळ पत्रा) खालची पाणी जायची भोकं बुजवली नाहीत ना, ते वाकून बघा. बुजली की दार आतून टाकी होतं. आणि खालून डिझेल किंवा जुनं ऑइल मारायची जुनी पद्धत सोडा, सस्पेन्शनची रबरी बुशं फुगून फाटतात.

राहता राहिली पुळण. गाडी वाळूत नेऊन फोटो काढायची हौस आता गुन्हा दाखल होण्यापर्यंत गेली आहे, आणि वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर थंडीत भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत कासवांची अंडी असतात. गाडी लावायला लोकांना नेमकी तीच जागा सापडते. तरीही दर मे महिन्यात गाड्या रुततात, म्हणून हे लिहितो. चाक फिरायला लागलं की थांबा. आणखी ॲक्सिलरेटर दिला की चाक खड्डा करतं, गाडीचं पोट वाळूवर टेकतं, मग टायरवर वजनच राहत नाही. चारही टायरची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणा, चाकांपुढची वाळू हाताने उतरती करा, दुसऱ्या गिअरात अगदी हळू क्लच सोडा, स्टिअरिंग सरळ. पाणी यायला वेळ किती आहे हे तिथीवरून काढा: तिथीची पाऊणपट केली की ढोबळ भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, आणि हेच सकाळ-संध्याकाळ दोन्हींना. पुनव-अमावास्येच्या उधाणात पाणी जास्त वर चढतं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत कमी.

ओढून काढायची वेळ आली तर दोर गार्डला, बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला बांधू नका. डिकीतल्या टूलकिटमध्ये ओढायचा हूक असतो, बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण उचकटून तो आत फिरवायचा. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून बसतो. न बसणारा हूक जोर लावून उजवीकडे फिरवणाऱ्यांनी आटे मारून ठेवल्यावर ट्रॅक्टरवालाही हात जोडतो. गाडी निघाली की हवा भरा आणि त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, वरून नव्हे तर खालून: चाकांच्या आत, कमानींत, सिलखाली, भरपूर पाणी आणि कमी प्रेशर. मग रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारून डिस्क कोरड्या करा. आठवड्याभरात कॅलिपरच्या पिना उघडून, पुसून, त्यांचंच ग्रीस लावून घ्या. तिथे वाळू बसली की एका चाकाचा पॅड सुटत नाही आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.